पालथी सायकल

ब्रेकला तेल लागलं की ब्रेक मेला. सायकल दुरुस्तीच्या धंद्यातला हा पहिला धडा, आणि विश्राम गोडांबे तो जन्मभर गिरवत आले होते. चेनला तेल सोडताना त्यांचा डावा हात आपोआप रिमवर फडकं धरायचा. तेलकट बोटांनी कोणी ब्रेकच्या रबराला शिवलं, तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. अशा माणसाला मी एक दिवस सांगितलं, की काका, या नव्या ब्रेकच्या आत तेलच असतं, आणि तेलाच्या दाबावरच तो लागतो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ब्रेकात त्याल? मंग गोठ्यात वाघ बांधा की राखणीला."

मी निरंजन. मूळचा परभणीकडचा, नोकरी हिंजवडीत, आणि राहायला घोटावड्यात विश्रामकाकांच्या खोलीत. त्यांच्या जमिनीचं काय झालं ते विचारू नका. आमच्या गल्लीत ती गोष्ट घरोघरी एकच आहे. जमीन गेली, तीन मजली इमारत उभी राहिली, वर माझ्यासारखे भाडेकरू आणि खाली काकांचं सायकलचं दुकान. भाडं येतं, खायला-प्यायला कमी नाही, दुकान कधीच बंद करता आलं असतं. पण काका सकाळी चहा पिऊन शटर वर करतात आणि एखाद्या कचेरीत बसल्यासारखे गोणपाटावर बसतात. पाव्हण्यारावळ्यांनी कितीदा सांगून पाहिलं, की आता हात काळे कशाला करता. काका म्हणतात, "मंग काय गोरे करून कपाटात ठेवू?"

एके काळी पिरंगुटच्या कारखान्यांत जाणाऱ्या कामगारांच्या सायकली त्यांच्या दारात रांगेने उभ्या असायच्या. मग सगळ्यांनी मोटरसायकली घेतल्या आणि दुकानावर धूळ बसली. त्यानंतर आम्ही आलो, आयटीवाले. रविवारी सकाळी डोक्याला हेल्मेट लावून मुळशी धरणाकडे निघणारे, घाटात दमणारे, आणि पंक्चर झालं की घाबरणारे. काकांना आमच्या सायकली फार आवडल्या. आम्ही मात्र फारसे आवडलो नाही. "हवा भराया आलायसा का फोटू काढाया?" असं ते तोंडावर विचारायचे, आणि माणसं तरीही परत यायची, कारण काकांनी सरळ केलेलं चाक कधी डुगडुगत नसे.

काकांची एक रीत होती, आणि या गोष्टीचं सगळं मूळ त्या रीतीत आहे. पौडला कोंडिबा नावाचे त्यांचे उस्ताद होते, त्यांनी लावलेली. काम संपलं, की सायकल पालथी घालायची. सीट आणि हँडल गोणपाटावर, चाकं आभाळाकडे. मग दोन्ही चाकं जोरात फिरवून डोळे मिटून आवाज ऐकायचा. आवाज पसंत पडला की सायकल सरळ करायची, तिला एकदा हात जोडायचे, आणि बाजूला उभी करायची. त्यानंतर मिस्त्रीने तिला हात लावायचा नाही. पुढचा हात मालकाचाच. काकांच्या मते ही मुलगी सासरी पाठवण्यासारखी गोष्ट होती. एकदा अक्षता पडल्या, की बापाने पदराची टोकं ओढत बसू नये.

आता त्यांच्या खऱ्या मुलीबद्दल सांगतो. रेश्मा कॉलेजात शिकते. आमच्या इमारतीत अनिमेष नावाचा एक मुलगा राहायचा, त्याची बदली बंगळुरूला झाली तेव्हा तो आपली डोंगरात चालवायची सायकल रेश्माला देऊन गेला. जाड टायर, पुढे शॉकअप, दोन्ही चाकांना डिस्कब्रेक. रेश्मा ती घेऊन मागच्या टेकडीवर जी चढली, ती रोजच चढायला लागली. चढण्याबद्दल कोणाचं काही म्हणणं नव्हतं. तक्रार होती उतरण्याबद्दल, आणि ती काकूंची होती.

सारजाबाई काकू दुकानाच्या पायरीवर भाजी निवडत बसायच्या. बोलायच्या कमी. पण रेश्मा टेकडीवर गेली की त्यांचे हात थांबायचे. "ती तितनं खाली येती अन हितं माजा जीव वर येतो," असं त्या एकदा मला म्हणाल्या. घरात या विषयावर वाद चालूच असायचा, आणि तेवढ्यात रेश्माने रिहे खोऱ्यातल्या डोंगरावर होणाऱ्या मुलींच्या सायकल शर्यतीत नाव घातलं. तिची पहिलीच शर्यत. आणि नाव घातलं त्याच आठवड्यात पुढचा ब्रेक ढिला पडला.

ढिला म्हणजे, हँडलवरची ब्रेकची दांडी दाबली की ती थेट मुठीला येऊन टेकायची. चाक आपलं फिरतंच. डिस्कवर मात्र काही दिसेना, चाकापाशी तेलाचा थेंब नाही. काकांनी सगळी नळी बोटांनी चाचपली. मी मोबाइलवर व्हिडिओ लावून दिला, त्यातला गोरा माणूस हातमोजे घालून काम करत होता. काका म्हणाले, "ह्याच्या हाताला काय झालंय?" आणि मोबाइल मला परत दिला.

गळती शोधली ती काकांनीच. दांडीचा सगळा भाग स्पिरिटने पुसून कोरडा केला, काकूंचा अंगाला लावायच्या पावडरचा डबा मागून घेतला आणि दांडीवर पावडर भुरभुरली. मग जुन्या ट्यूबची पट्टी कापून दांडी मुठीला आवळून बांधली आणि तशीच ठेवून दिली. सकाळी बघतो तर सगळी दांडी पांढरी, आणि वरच्या बारक्या स्क्रूच्या भोवती ओलं कडं. त्या स्क्रूखालची रबरी रिंग चिरली होती. तिथून तेल पाझरायचं, आणि जेवढं तेल बाहेर तेवढी हवा आत. काका इतके खूश झाले, की त्यांनी तो पावडरचा डबा काकूंना परत द्यायच्या आधी कपाळाला लावला.

रिंग मी शहरातून आणली. तेल कोणतं भरायचं यावरून आमची झकाझकी झाली. शेजारच्या गॅरेजातल्या शेखरने गाडीच्या ब्रेकचं तेल आणून ठेवलं होतं, आणि ब्रेकचं तेल ते ब्रेकचं तेल, असं दोघांचंही म्हणणं. मी बाटली हातातून काढून घेतली. या ब्रेकला मिनरल ऑइल लागतं, ते दुसरं घातलं तर आतली रबरं फुगून बसतात, हे मी त्यांना ओरडूनच सांगितलं. मला राग लवकर येतो, आणि तिथे आला ते बरंच झालं. काकांनी फडक्याला हात पुसले. मग म्हणाले, "पोरीची सायकल हाय म्हनून ऐकतुया."

मग आम्ही दोघांनी ब्रेकमधली हवा काढली. त्या कामाला बसलं की दुसरं काही सुचत नाही. आधी चाक काढायचं आणि ब्रेकचे पॅड काढून लांब ठेवायचे, कारण पॅडला तेल लागलं तर काकांचा जुना धडा इथेही खराच. खाली चाकापाशी डिस्क आवळणाऱ्या कॅलिपरला तेलाने भरलेली सिरिंज लावायची, वर दांडीपाशी रिकामी. खालून हळूहळू तेल ढकलायचं, म्हणजे ते नळीतून वर चढतं आणि वाटेतली हवा पुढे घालून नेतं. वरच्या सिरिंजमध्ये बुडबुडे येतात. आधी मोठे, मग साबुदाण्याएवढे, मग खसखशीएवढे. काका पान्याच्या दांड्याने नळीला टिचक्या मारत होते आणि प्रत्येक बुडबुड्याला "आला बग चोर" म्हणत होते. शेवटी बुडबुडे थांबले. स्क्रू बसवला, पॅड घातले, चाक चढवलं. काकांनी दांडी दाबली. दगड.

"ह्याला म्हनत्यात ब्रेक," काका म्हणाले. मी हात धुवायला वर गेलो. काकांनी आपल्या रीतीप्रमाणे काम संपवलं.

दुसऱ्या दिवशी रेश्मा टेकडीवरून येताना घाणेरीच्या जाळीत पडली. कोपर सोललं, गुडघा सुजला. ब्रेक पुन्हा मुठीला टेकत होता. काकूंनी तिच्या जखमेला हळद लावली, आणि ती लावतानाच निकाल सांगितला. "आता ह्यो ब्रेक परत एकदा जरी गेला ना, तर सायकल माळ्यावर. शर्यत-बिर्यत काय न्हाई. ऐकलं का तुमी बी?" काकांनी मान हलवली. रेश्माने पण हलवली, कारण सोललेल्या कोपराने कोणी वाद घालू शकत नाही.

तर आता एकच संधी होती. एकदाच ब्रेक नीट व्हायचा होता आणि तो तसाच राहायचा होता.

काकांनी ते अंगावर घेतलं. पावडर पुन्हा भुरभुरली, सगळं कोरडं ठणठणीत. गळती नव्हतीच. मग हवा कुठून येते? त्यांनी रिंगला शिव्या घातल्या, तेलाला घातल्या, मी आणलेल्या सिरिंजला घातल्या, अनिमेष बंगळुरूला गेला म्हणून त्यालाही घातल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसं चाललं होतं. पुन्हा तेल ढकललं, पुन्हा टिचक्या, पुन्हा खसखस. दांडी पुन्हा दगड. या वेळी मी सुद्धा दाबून बघितली, अंगठा दुखेपर्यंत. काका म्हणाले, "आता जाऊदे बरं कुटं जाती हवा." मग त्यांनी सायकल पालथी घातली, चाकं फिरवली, डोळे मिटून ऐकलं, सरळ केली, हात जोडले. मी तिथेच उभा होतो. इतक्यांदा बघितलेली गोष्ट, देवाला नमस्कार करणाऱ्या माणसाकडे आपण कुठे निरखून बघतो.

रेश्मा कॉलेजातून आली आणि तिने अंगणातच दांडी दाबली. दांडी मुठीला टेकली.

काका गोणपाटावर बसले होते ते बसलेच राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना. जन्मभर ज्या माणसाच्या हातातून सायकल बरी होऊनच गेली, त्याच्या स्वतःच्या मुलीची सायकल त्याला बरी करता येत नव्हती, आणि ते सगळ्यांच्या समोर घडत होतं. रेश्माने ठरल्याप्रमाणे सायकल आत नेली. बूट धुऊन गच्चीत वाळत ठेवले. मग भांडी घासायला बसली.

शर्यत रविवारी होती. शनिवारी दुपारी काका दुकानात नुसतेच बसलेले, आणि मी त्यांना सोबत म्हणून एक जुना पॅडल साफ करतोय असं दाखवत होतो. काकू पायरीवर येऊन बसल्या. हातात भाजी नव्हती.

"अवो," त्या म्हणाल्या, "तुमी ती सायकल उलटी करताय ना, तवा ब्रेक जातोय."

काकांनी वर बघितलं. "काय?"

"मी बघते ना दाबून. तुमी सिरिंज काढून दाबताय, तवा कडक आसतो. मंग तुमी उलटी करून चाकं फिरवून ठेवताय, तुमी आत गेलासा की मी दाबते. तवा मऊ. पयल्या बारीला वाटलं, मलाच कळत न्हाई. पोरगी पडल्यावर दुसऱ्या बारीला नीट बघितलं, तवा बी तसंच."

"तू कशाला दाबतीस?"

"भ्या वाटतं म्हनून."

माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. दांडीच्या वरच्या बाजूला तेलाची एक छोटी टाकी असते. कितीही हवा काढली तरी तिच्या टोपणाखाली एखादा बुडबुडा लपून राहतो. सायकल सरळ असली तर तो वर टोपणाशी बसून राहतो, कोणाचं वाकडं करत नाही. सायकल पालथी केली की टाकीचा तळ वर येतो, आणि तो बुडबुडा तिथल्या भोकातून सरळ नळीत शिरतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा. जुन्या तारेच्या ब्रेकला पालथं केल्याने काही फरक पडत नाही, म्हणून जन्मभर काकांच्या रीतीने कोणाचं नुकसान केलं नव्हतं. आणि पालथी केल्यानंतर हात लावायचा नाही, म्हणून ते कळायची सोयही नव्हती. हे मी भरभरा बोलून गेलो.

काका ऐकत होते. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"म्हंजे पोरगी जाळीत पडली ती माज्या हातानं," ते म्हणाले.

"आसं न्हाई म्हनत मी," काकू म्हणाल्या.

"तू म्हन न्हाईतर नको म्हनू." मग ते एकदम चिडले. "अन तुला कळलं व्हतं तर गप का बसलीस?"

काकूंनी पदर सावरला. मला वाटलं, मी उठून जावं. पण माझ्या मांडीवर पॅडल होता आणि दोघांनाही माझं भान नव्हतं.

"मुद्दाम गप बसले," त्या म्हणाल्या. "म्हनलं जाऊ दे ब्रेक. सायकल माळ्यावर जाईल, पोरगी घरात ऱ्हाईल, माजा जीव थाऱ्यावर यील. मला वाटलं ती भांडंल. भांडली आसती ना, तर आजून बी गप ऱ्हायले आसते. पर ती भांडी घासत बसली वो. न सांगता. कवा घासती का ती भांडी? मला त्येच सोसंना."

काकांनी गुडघ्यांवर हात टेकले. मग उठले, आत गेले आणि सायकल बाहेर घेऊन आले.

तिसऱ्यांदा आम्ही हवा काढली ती फार सावकाश. काका सायकलचं पुढचं चाक कधी वर धरायला सांगत, कधी खाली. दांडी इकडे कलती, तिकडे कलती, म्हणजे टाकीत लपलेले बुडबुडेही निघावेत. निघालेही, दोन-चार खसखशीचे दाणे. काकू पायरीवरून बघत होत्या. काम संपलं, दांडी दगड झाली, आणि काकांचे हात सवयीने सीटकडे गेले. त्यांनी सायकल उचललीसुद्धा. मग तशीच, अर्धी उचललेली, धरून उभे राहिले. त्यांनी ती हळूच खाली ठेवली, सरळ. चाकं फिरवली नाहीत. पण मोकळ्या हातांचं काय करायचं ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी फडकं घेतलं आणि आधीच स्वच्छ असलेली सीट पुसत बसले.

रेश्माला त्यांनीच सांगितलं. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. "चूक माजी व्हती," म्हणाले. रेश्मा म्हणाली, "आबा, तुमी काय मुद्दाम केलं व्हय?" आणि आईकडे बघितलं. काकू तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "बूट वाळल्यात का बग."

रविवारी सकाळी रिहे खोऱ्यात चांगलीच थंडी होती. डोंगराच्या पायथ्याशी दोऱ्या बांधल्या होत्या, स्पीकरवर कोणीतरी नावं पुकारत होतं. सायकल आम्ही शेखरच्या टेम्पोतून उभी बांधून आणली होती, आणि काका सबंध रस्ता मागे बसून ती धरून होते. शर्यत सुरू झाली. मुली वर गेल्या आणि दिसेनाशा झाल्या. मग वरच्या खडकाआडून पहिली सायकल उतारावर आली, आणि काकांनी डोंगराकडे पाठ फिरवली. टोपी हातात घेऊन ते उलट्या बाजूला, भाताच्या रिकाम्या खाचरांकडे बघत उभे राहिले. "मला सांग," म्हणाले, "मी न्हाई बघत."

काकू मात्र एका धोंड्यावर चढल्या. पदर कमरेला खोचलेला, हात कपाळावर. मला वाटलं होतं त्या डोळे मिटून घेतील. त्यांनी पापणीसुद्धा हलवली नाही.

रेश्मा आली. उतार चांगलाच तीव्र, त्यात सुटे दगड. ती पहिल्या वळणाला चाक जवळजवळ थांबवून वळली, दुसऱ्यालाही तसंच. एक निळ्या कपड्यांतली मुलगी तिच्या शेजारून पुढे निघून गेली. खाली आल्यावर रेश्माने दांडी दाबली आणि सायकल आमच्यासमोर जागच्या जागी उभी राहिली. ती पहिल्या तिघींत नव्हती. काका तेव्हा कुठे वळले. त्यांनी नंबर विचारला नाही.

"ब्रेक?"

"कडक हाय आबा. शेवटपरेंत."

काका तिथेच गवतात बसले. टोपी डोक्यावर घातली, परत काढली, परत घातली. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली, पण ते तसल्या गोष्टींना रागावतात.

काकू धोंड्यावरून उतरून आल्या. रेश्माच्या हातात पाण्याची बाटली दिली, तिच्या कोपराकडे बघितलं, गुडघ्याकडे बघितलं. नवीन काही लागलेलं नव्हतं. ती पाणी पिऊन होईपर्यंत त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "त्या दुसऱ्या वळनाला एवढा दाबलास कशापायी? ती निळी पोरगी तितं सोडून गेली की फुडं. ब्रेक चांगला हाय म्हनल्यावर भ्यायचं कशाला?"